एकाच नावाची अनेक माणसे: जुन्या अमेरिकी नोंदींतून आपला पूर्वज कसा ओळखावा

अमेरिकेतील एखाद्या घराण्याचा मागोवा घेणाऱ्याची वाट 1850 च्या मागे गेली की बिकट होते. त्या वर्षीच्या जनगणनेत प्रथमच घरातील प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव, वय आणि जन्मस्थान लिहिले गेले. 1790 ते 1840 या काळातील सहा जनगणनांत कुटुंबप्रमुखाचे नाव आणि त्यापुढे वयोगटांचे आकडे एवढेच मिळते. व्हर्जिनिया आणि केंटकी येथील 1790 च्या याद्या तर आता अस्तित्वातच नाहीत. त्यातून आजोबांचे नाव नातवाला आणि काकांचे पुतण्याला ठेवण्याची रीत तिकडेही पक्की असल्यामुळे एकाच परिसरात एकाच नावाची तीन-चार माणसे सहज निघतात. घरात अमेरिकी सून किंवा जावई आल्यामुळे नातवंडांच्या दुसऱ्या बाजूची वंशावळ जुळवू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हीच अडचण येते. इंटरनेटवरील तयार वंशावळींत एकाचा जन्म, दुसऱ्याची बायको आणि तिसऱ्याचे मृत्युपत्र एकाच नावाखाली आढळते, ते याच कारणाने.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी ठरवावी. आपल्या पूर्वजाला शोधायला निघू नये. त्या परिसरातील त्या नावाच्या प्रत्येक पुरुषाला वेगळे उभे करायला निघावे. सगळे वेगळे झाले, की त्यांतला आपला कोणता हे उरलेल्या पुराव्यावरून कळते. उलट दिशेने गेल्यास जी नोंद हाती येईल ती आपल्याच माणसाची वाटू लागते.

ही पद्धत समजण्यासाठी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या आजोबांचे उदाहरण घेऊ, कारण त्यांचेही नाव अब्राहम लिंकनच होते. ते 1744 मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मले, वडील जॉन यांच्याबरोबर व्हर्जिनियात गेले, तिथल्या मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरी सैन्यात, कॅप्टन झाले आणि पुढे केंटकीत स्थायिक झाल्यावर 1786 मध्ये मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. जॉन यांचा एक सावत्र भाऊही अब्राहम लिंकन. तो 1736 मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मला, पेनसिल्व्हेनियातच राहिला आणि 1806 मध्ये वारला. काका-पुतण्यांत अवघे आठ वर्षांचे अंतर, जन्मभूमी एक आणि नाव एक. घोटाळा होण्यास याहून अधिक काही लागत नाही.

आधी नकाशा, मग नाव

पहिले काम म्हणजे त्या काळातील काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सीमा तपासणे. अमेरिकेत जमीन, विवाह आणि वारसा यांची बहुतेक दप्तरे काउंटीच्या कोर्टात असत आणि वस्ती वाढली की काउंटीचे तुकडे पडत. आज ज्या बर्क्स काउंटीला लिंकन घराण्याचे पेनसिल्व्हेनियातील गाव म्हणतात, ती काउंटी 1752 मध्ये निर्माण झाली. म्हणजे दोन्ही अब्राहम जन्मले तेव्हा ती नव्हतीच आणि त्यांच्या बालपणीच्या काळातील कागद तिच्या मातृकाउंटीत शोधावे लागतात. व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटी 1778 मध्ये ऑगस्टा काउंटीतून निघाली. एकाच घरात राहणारा माणूस 1777 मध्ये एका दप्तरात आणि 1779 मध्ये दुसऱ्या दप्तरात दिसतो, म्हणून तो दोन माणसे ठरत नाही. कॅप्टन लिंकन यांची जमीन केंटकीतील जेफरसन काउंटीत असली, तरी त्यांच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी नेल्सन काउंटीत नोंदली गेली. तेव्हा शेजारच्या काउंट्या वगळून शोध पूर्ण झाला असे कधीही समजू नये.

सर्व नोंदी एका तक्त्यात

यानंतर त्या नावाची प्रत्येक नोंद एका तक्त्यात तारखेच्या क्रमाने लिहावी आणि ती कोणाची आहे हे ठरवण्याची घाई करू नये. तारीख, काउंटी, कागदाचा प्रकार, जमिनीजवळचा ओढा किंवा नदी, पत्नीचे नाव, साक्षीदार, शेजारी, नावापुढील पदवी किंवा व्यवसाय आणि सही की निशाणी, एवढे रकाने पुरेसे आहेत. आपल्याकडे जुन्या कागदांवर ‘निशाणी नांगर’ असे, तशीच तिकडे लिहिता न येणाऱ्याची स्वतःची खूण असे. मूळ कागदावर एक माणूस नेहमी स्वच्छ सही करत असेल आणि दुसरा नेहमी तीच खूण करत असेल, तर दोघांना वेगळे करायला हा चांगला आधार आहे. मात्र नोंदवहीतील मजकूर कारकुनाने उतरवलेला असतो, त्यामुळे तिथल्या सहीच्या वळणावरून काहीही ठरवता येत नाही.

नावाचे स्पेलिंग एकच धरून चालू नये. कॅप्टन लिंकन यांच्या केंटकीतील 400 एकरांच्या कागदात आडनाव ‘लिंकहॉर्न’ असे लिहिले आहे. लिहिणाऱ्याने जसे ऐकले तसे टिपले. वेगळे स्पेलिंग म्हणजे वेगळा माणूस नव्हे आणि सारखे स्पेलिंग म्हणजे तोच माणूसही नव्हे.

तारखांबाबतही सावध राहावे. ब्रिटिश वसाहतींत 1752 पर्यंत कायदेशीर नवे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे आणि त्या वर्षी 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर धरण्यात आला. त्यामुळे फेब्रुवारी 1735 ची नोंद आजच्या हिशेबाने 1736 ची असू शकते आणि हे न ओळखल्यास मेलेला माणूस वर्षभराने मृत्युपत्र करताना दिसतो किंवा एकाची दोन माणसे होतात. तक्त्यात दोन्ही वर्षे ‘1735/36’ अशी लिहावीत.

जमिनीचा माग

सर्वांत अधिक वेळ जमिनीच्या कागदांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसांची नावे सारखी असतात, पण जमिनीचा एक तुकडा दोघांचा सहसा नसतो. व्हर्जिनिया, केंटकी, कॅरोलिना अशा भागांत चतुःसीमा झाडे, ओढे आणि शेजाऱ्यांची नावे सांगून लिहिली जात आणि अंतर साडेसोळा फुटांच्या ‘पोल’मध्ये मोजले जाई. प्रत्येक नावधारकाने कोणता तुकडा कधी घेतला आणि तो त्याच्या हातून कसा गेला, हे लावून पाहावे. विकत घेतलेला तुकडा विकलेला दिसत नसेल, तर तो मुलाला, जावयाला किंवा वारसाला गेला असण्याचा संभव मोठा असतो आणि नाते बहुधा तिथेच सापडते.

जमीन विकताना पत्नीचा वैधव्यातील हक्क सुटावा म्हणून तिची संमती घेतली जात असे, त्यामुळे विक्रीचे कागद पत्नीचे नाव सांगतात. कॅप्टन लिंकन यांनी 1780 मध्ये व्हर्जिनियातील लिनव्हिल क्रीकवरील जमीन विकली, तेव्हा पत्नी म्हणून बॅथशेबा हे नाव येते. पेनसिल्व्हेनियातील काकाची पत्नी अ‍ॅन बून ही केंटकीतील वसाहतीचा प्रसिद्ध अग्रणी डॅनियल बून याची चुलत बहीण होती. पत्नी आणि ओढा, या दोन खुणांनी दोन अब्राहम बऱ्याच कागदांत आपोआप वेगळे होतात. अर्थात पहिली पत्नी वारल्यावर दुसरे लग्न होई, म्हणून पत्नीचे नाव बदलले एवढ्यावरून माणूस बदलला असे म्हणता येत नाही.

मोजणीचा कागद तर आणखी बोलका असतो. त्या 400 एकरांची मोजणी 7 मे 1785 रोजी लाँग रन ओढ्यावर झाली. कागदाच्या शेवटी साखळी धरणारे म्हणून हननाया आणि जोसाया लिंकन यांची, तर झाडांवर खुणा करणारा म्हणून अब्राहम लिंकहॉर्न याचे नाव आहे. एका छोट्या टिपणात जागा, तारीख, सोबतचे नातलग आणि तो माणूस त्या दिवशी हयात होता ही गोष्ट, असे चार पुरावे मिळतात. नातू राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1859 मध्ये लिहिले होते, की आजोबा 1781 किंवा 1782 च्या सुमारास केंटकीला गेले आणि एक-दोन वर्षांत मारले गेले. कुटुंबातील प्रामाणिक आठवणसुद्धा अशी दोन-चार वर्षांनी चुकते. तिच्या आधारे नोंद नाकारू नये.

1859 च्या त्याच लेखनात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी असेही सांगितले, की ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशी नाते जोडण्याच्या प्रयत्नांतून मॉर्डेकाय, अब्राहम, सॉलोमन अशा नावांच्या साम्यापलीकडे काही निष्पन्न झाले नाही. नाते खरोखरच होते. घराणे मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅमच्या सॅम्युएल लिंकनपर्यंत जाते. ते जुळवताना न्यू जर्सीतील 300 एकरांच्या 1748 मधील विक्रीचा कागद उपयोगी पडला, कारण त्यात पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या जॉनला मॉर्डेकायचा मुलगा आणि वारस म्हटले आहे. जॉन तेव्हा राहत नव्हता त्या वसाहतीतील कागदाने पिढ्यांचा सांधा जुळवला.

कर, पदव्या आणि शेजार

जनगणना दहा वर्षांनी होई, करयाद्या बहुधा दरवर्षी होत. व्हर्जिनियात 1782 पासून वैयक्तिक मालमत्तेच्या करयाद्या मिळतात. केंटकीच्या पुढच्या काळातील याद्यांत जमिनीजवळच्या ओढ्याचाही रकाना असतो. एकाच वर्षी एकाच नावाच्या दोन नोंदी वेगळ्या ओढ्यांवर असल्या, तरी एकाच्या दोन जमिनी आहेत का हे आधी पाहावे. पण दोघांवर स्वतंत्र डोईकर असेल, तर माणसे दोनच.

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ या शब्दांनी फसू नये. त्या काळी त्यांचा अर्थ त्या गावातला थोरला आणि धाकटा एवढाच होता. ते काका-पुतणे असू शकत किंवा त्यांचे काही नातेही नसे. थोरला वारला की धाकटा ‘सीनियर’ होई. तक्त्यात ही पदवी कोणत्या वर्षी बदलते ते पाहावे, कारण मृत्यूची नोंद नसतानाही त्यावरून मृत्यूचा काळ कळतो.

साक्षीदार, जामीनदार आणि शेजारी यांची नावेही याच तक्त्यात असावीत. लोक एकटे स्थलांतर करत नसत. नव्या ठिकाणीही जुनेच शेजारी दिसले, तर माणूस तोच असण्याची शक्यता बळावते.

वारसा कायदा ठाऊक असणे आवश्यक आहे. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता वारलेल्याची जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याची पद्धत 1 जानेवारी 1787 पासून बंद झाली. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होते आणि कॅप्टन लिंकन त्याआधी काही महिने वारल्यामुळे जमीन त्यांचा थोरला मुलगा मॉर्डेकाय याच्याकडे गेली आणि धाकट्या थॉमसला, राष्ट्राध्यक्षांच्या वडिलांना, काही मिळाले नाही. वडिलांच्या जमिनीच्या कागदात थॉमसचे नाव नाही म्हणून तो त्यांचा मुलगाच नव्हे, असा निष्कर्ष कायदा न पाहणाऱ्याने सहज काढला असता.

गुलामगिरीत असलेल्यांच्या वंशजांसाठी हे काम आणखी निकडीचे आहे. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत त्यांची नावे सहसा नाहीत. ती मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत, गुराढोरांच्या आणि भांड्यांच्या बरोबरीने, किमतीसह लिहिलेली सापडतात. एकाच नावाच्या दोन मालकांची गल्लत झाली, तर या माणसांचा उरलासुरला मागही तुटतो.

निष्कर्ष लिहून काढणे

तक्ता भरला की ज्या नोंदी एका माणसाच्या असूच शकत नाहीत त्या आधी वेगळ्या कराव्यात. 1787 च्या अखेरीस अमेरिकेच्या राज्यघटनेला संमती देण्यासाठी भरलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या अधिवेशनात बसलेला अब्राहम लिंकन 1786 मध्ये मारला गेलेला कॅप्टन असू शकत नाही. यानंतर प्रत्येक गटासाठी आपला तर्क पूर्ण वाक्यांत लिहावा आणि विरुद्ध जाणारा पुरावा त्यात आवर्जून मांडावा. लिहिताना जो दुवा कच्चा वाटेल, तिथे पुन्हा दप्तर उघडावे. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर अनेक काउंट्यांच्या नोंदवह्यांची छायाचित्रे आहेत. निर्देशसूचीवर न थांबता मूळ पान वाचावे.

वाय-डीएनए चाचणी वडिलांकडून मुलाकडे जाणारा वारसा दाखवते. एकाच नावाची दोन माणसे वेगळ्या घराण्यांतील असतील, तर त्यांच्या थेट पुरुष वंशजांच्या चाचण्यांतून ते दिसते. पण लिंकन काका-पुतण्यांसारख्या एकाच घराण्यातील माणसांबाबत ही चाचणी बहुधा निर्णय देत नाही. तिथे कागदच पाहावे लागतात. कागदांनीही निवाडा झाला नाही, तर दोन्ही शक्यता कारणांसह लिहून वंशावळीत त्या जागी ‘संभाव्य’ असा शेरा द्यावा आणि त्यामागची पिढी जोडू नये.