पावसाआधी गाडीला काय लावायचं: वॅक्स, सीलंट आणि चाकांचं औषध

दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, चांगलं वॅक्स कुठलं?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: गाडी रात्री कुठे उभी असते? पत्र्याच्या शेडखाली, आंब्याखाली, समुद्राकडच्या बिल्डिंगच्या उघड्या पार्किंगमध्ये, की रेल्वे स्टेशनबाहेर? रत्नागिरीत या चार गाड्यांचे चार वेगळे आजार असतात. डब्यावरचा चकचकीत फोटो मात्र सगळ्यांना एकच असतो.

आधी वॅक्स. कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागात होणाऱ्या एका जातीच्या ताडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांत हे सगळ्यात कडक, वितळायला ८० अंशांच्या वर तापमान लागतं. हे ऐकून लोकांना वाटतं, मग उन्हाची काय चिंता! पण डब्यात नुसतं कार्नोबा कधीच नसतं. तेवढं कडक मेण गाडीवर पसरणारच नाही, म्हणून त्यात सॉल्व्हंट, तेलं आणि मऊ मेणं मिसळलेली असतात. शेडमधल्या गाडीवर हा थर दीड-दोन महिने चालतो. मे महिन्यात दिवसभर उन्हात तापणाऱ्या गाडीवर महिना काढला तरी पुष्कळ. चमक मात्र खरी. काळा, लाल, गडद निळा रंग असेल तर रंगाला खोली येते. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीवर तो फरक मला दिसत नाही, तर तुमच्या शेजाऱ्याला काय दिसणार!

सीलंट म्हणजे कारखान्यात तयार झालेलं पॉलिमर. चमक जरा काचेसारखी, थंड. पण नीट धुतलेल्या रंगावर लावलं तर ४ ते ६ महिने टिकतं. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि दसऱ्यापर्यंत पिच्छा सोडत नाही. एवढ्या पावसाला वॅक्स पुरत नाही. म्हणून माझा हिशोब सरळ आहे: मेच्या शेवटी सीलंट, आणि गणपतीला गाडी सजवायचीच असेल तर त्याच्यावरून वॅक्सचा एक हात. उलटं कधीही करू नका. वॅक्सच्या तेलकट थरावर सीलंट धरत नाही. आणि सीलंट लावल्यावर एक रात्र, जमल्यास पूर्ण दिवस, गाडी कोरडी ठेवायची, मग वॅक्स.

दोन डबे घ्यायचे नसतील तर कार्नोबा आणि पॉलिमर दोन्ही असलेली मिश्र वॅक्स मिळतात. कॉलिनाइट ८४५ हे त्यातलं जुनं नाव. मी ते शेडमधल्या गाड्यांना सुचवतो. सिरॅमिक स्प्रे म्हणून जे मिळतं त्यात थोडी सिलिका असते. धुतल्यावर ओल्या गाडीवर मारून पुसायला ते सोयीचं आहे, पावसाळ्यात महिन्याला एकदा मारलं तर खालचं सीलंटही जास्त टिकतं. पण दुकानात करतात ते कोटिंग वेगळं आणि हा स्प्रे वेगळा. पंपाची बाटली घेऊन कोटिंगची अपेक्षा धरू नका.

डबा घेताना एक शब्द नक्की शोधा: 'क्लीनर वॅक्स'. त्यात बारीक घासणारं द्रव्य असतं. जुन्या, फिकट पडलेल्या गाडीवर ते छान काम करतं. नव्या गाडीवर दर महिन्याला घासलंत तर तुम्ही क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाताय. तो थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, परत भरून येत नाही. मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीच लावायचं नाही, तिचे डबे वेगळे मिळतात.

आता लावण्याआधीची परीक्षा. गाडी शाम्पूने धुवा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड नको, त्याने आधीचं सीलंट आणि वॅक्स निघून जातं. गाडी कोरडी झाली की पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं हलकी फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रवाळ लागेल. ते कण रंगात रुतलेले असतात, त्यांच्यावर कितीही भारी सीलंट लावा, महिन्यात सुटेल. रुतलेलं लोखंड असेल तर आयर्न रिमूव्हर, आंब्याचा चीक आणि डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हर, आणि उरलेल्याला भरपूर शाम्पूपाणी घेऊन क्ले, म्हणजे पत्र्यावरून फिरवून रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा. स्टेशनबाहेर उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात ते रुळांवरचं आणि ब्रेकचं लोखंड, रंग खराब झालेला नसतो. सोलापूर-सांगलीकडून येणाऱ्या गाड्यांवर पांढरे गोल डाग असतात, ते बोअरच्या जड पाण्याचे. ताजे असतील तर निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. मग लगेच साध्या पाण्याने धुवायचं.

सीलंट सावलीत, पत्रा थंड असताना, फोमच्या पॅडने अगदी पातळ लावा. पूर्ण हॅचबॅकला मोठा चमचाभर पुरतं. कोकणच्या दमट हवेत ते वाळायला बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून घड्याळ बघू नका. एका कोपऱ्यात बोट फिरवा: खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायला घ्या, बोटामागे ओघळ राहिला तर थांबा. काळ्या प्लॅस्टिकवर आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर वाळलेल्या वॅक्सचे पांढरे डाग टूथब्रशने काढत बसाल.

चाकांचं प्रकरण वेगळं, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरून आलेल्या गाडीची पुढची चाकं बघा: काळपट तपकिरी थर, बोटाने निघत नाही. मागची त्यामानाने स्वच्छ. ब्रेकचा जास्त भार पुढे येतो आणि पुष्कळ गाड्यांना मागे ड्रमच असतात, त्यांची धूळ आत राहते. हा थर म्हणजे डिस्कचं लोखंड आणि पॅडचा भुगा, गरम असतानाच चिकटलेला.

त्याला दोन प्रकारची औषधं मिळतात. एक, कॅनमधून सुटं मिळणारं स्वस्त अ‍ॅसिड. मारलं की क्षणात चाक पांढरं, म्हणून काही वॉशिंगवाल्यांचं ते लाडकं. त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असू शकतं. ते कातडीतून आत शिरून हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोहोचतं, आणि सौम्य द्रावण असेल तर दुखायला काही तासांनी लागतं. तोवर तुम्ही हात धुऊन जेवून उठलेले असता. ज्या बाटलीवर घटक लिहिलेले नाहीत ती मी दुकानात ठेवत नाही.

दुसरा, पीएच न्यूट्रल, म्हणजे ना अ‍ॅसिड ना अल्कली, असा आयर्न क्लीनर. त्यातला थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतो आणि पाणी जांभळं-लाल होऊन ओघळतं. वास सडक्या अंड्याचा, त्याला इलाज नाही. सोनॅक्सचं व्हील क्लीनर प्लस याच जातीचं. रंगवलेल्या अलॉयला, डायमंड कटला (यंत्राने तासून चमकवलेलं अलॉय), लोखंडी रिमला, सगळ्यांना चालतं. डायमंड कट असेल तर हेच घ्या. फुटपाथला घासून तिचा लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, कुठेतरी उडालेला असतोच. तिथून अ‍ॅसिड किंवा तीव्र अल्कली आत गेलं की लॅकरखाली पांढऱ्या वळवळत्या रेषा पसरतात, त्या धुऊन जात नाहीत. नुसत्या पॉलिश केलेल्या, लॅकर नसलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर मात्र आधी मागच्या बाजूला थेंब टाकून बघा.

तांबडी माती आधी नुसत्या पाण्याने काढा, तिच्यावर महागडं औषध वाया घालवू नका. चाक थंड हवं. एका वेळी एकच चाक, हातमोजे घालून. दोन-तीन मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, मऊ ब्रशने नट आणि स्पोकची आतली बाजू घासा, धुवा. मग चाकालाही सीलंटचा पातळ हात द्या. पुढच्या वेळी निम्मी धूळ नुसत्या पाण्याने जाते. सीलंट किंवा टायर पॉलिश डिस्कवर आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर अजिबात जाऊ देऊ नका.

आणि चाकं धुतल्यावर गाडी तशीच लावून ठेवू नका. गल्लीतून एक फेरी मारा, हळू वेगात ब्रेक चार-पाचदा दाबा. आमच्या खाऱ्या हवेत ओल्या डिस्कवर एका रात्रीत गंज चढतो.