तीर्थनवर एक दिवस: अनोळखी नदीत फ्लायने ट्राउट कसा गरवावा

कोकणात खाडीवर वाढलेल्या माणसाला गरवणे शिकवावे लागत नाही. पण तोच माणूस हिमाचलातल्या तीर्थन नदीवर फ्लायची काठी घेऊन उभा राहिला, की दोरी मागच्या झाडात अडकते, नाहीतर पुढे दोन हातांवर गोळा होऊन पडते. गरीला शिसे असते आणि ते शिसे दोरीला ओढून नेते. फ्लाय म्हणजे बारीक गळावर पीस, केस आणि धागा गुंडाळून केलेला किडा. त्याला वजन जवळपास नसतेच. इथे वजन दोरीत असते. जाड, वेष्टण चढवलेली दोरी फेकायची आणि फ्लाय तिच्या मागोमाग जाते. हे हाताला कळले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे काम नदी ओळखण्याचे. ट्राउट बहुतेक वेळ एका जागी प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारे खाणे टिपतो. ती जागा कळली नाही तर उत्तम फेकही वाया जाते. म्हणून नदी अनोळखी आणि हातात एकच दिवस असेल, तर पहिला तास दोरी पाण्यात टाकूच नये, आणि दिवसभरात अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त पात्र धरू नये.

केव्हा आणि कुठे

तीर्थन ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत उगम पावते आणि गुशैणी, नागिनी, बंजार करत लार्जीपाशी बियासच्या खोऱ्यात उतरते. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्याने दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीकडची रात्रीची बस धरावी आणि औटला, बोगद्याच्या अलीकडे उतरावे. तिथून बंजारमार्गे गुशैणीला टॅक्सी मिळते. एका दिवसासाठी नागिनी ते गुशैणी हा पट्टा सोयीचा: रस्ता नदीच्या जवळून जातो आणि उद्यानाची हद्द बरीच वर राहते. उद्यानात शिरायला वेगळी परवानगी लागते, तो बेत या दिवसात बसवू नये.

ट्राउट मूळचा इथला नाही. ब्रिटिशांनी युरोपातला ब्राउन ट्राउट १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला आणि तिथून १९०९ मध्ये तो कुल्लूच्या नद्यांत आला. बर्फाच्या थंड पाण्यात तो रुजला. सह्याद्रीतल्या नद्या उन्हाळ्यात तापतात, म्हणून आपल्याकडे तो टिकत नाही.

थंडीत हा मासा अंडी घालतो, त्यामुळे हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने पाणी गढूळ आणि धोक्याचे. उरले मार्च ते मध्य जून, आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑक्टोबरच निवडावा. पाणी उतरलेले असते, तळाचा गोटा न् गोटा दिसतो; नदी शिकायला याहून चांगले पाणी नाही. मासाही तितकाच सावध असतो, हे खरे. ऑक्टोबरअखेरीस बारीक खडीत ताटाएवढी, घासून काढल्यासारखी फिकट जागा दिसली तर तिच्यावर पाय ठेवू नये. ते अंडी घालायचे ठिकाण असते.

राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय काठी जोडू नये. ओळखपत्र बरोबर ठेवावे आणि आदल्या संध्याकाळीच काम उरकावे, कारण सकाळी कार्यालय उघडेपर्यंत चांगली वेळ निघून जाते. दिवसाला किती मासे ठेवता येतात आणि कोणत्या मापाखालचा सोडावा लागतो, हे परवाना घेतानाच विचारावे. गावातल्या लोकांनाही विचारावे की एखादा डोह देवाचा म्हणून राखलेला आहे का. असेल तर त्याला बगल द्यावी.

सामान

काठी साडेआठ ते नऊ फुटांची, ४ किंवा ५ वजनाची; हा आकडा काठीचा नव्हे, ती पेलते त्या दोरीच्या वजनाचा. चार तुकड्यांची घेतली तर नळी सुटकेसमध्ये मावते. दोरी त्याच वजनाची आणि तरंगणारी. तिच्या टोकाला नऊ फुटांचा, निमुळता होत जाणारा धागा, म्हणजे लीडर, ५ एक्स जाडीचा. याचे टोक साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असते. टिपेटची, म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक धाग्याची, ४ एक्स आणि ५ एक्स अशी एकेक रिळे जादा ठेवावीत, कारण फ्लाय बदलताना दर वेळी लीडर थोडा कापला जातो.

फ्लाय शंभर नकोत. गळाचा आकडा वाढला की गळ लहान होतो, हे लक्षात ठेवून पुढच्या पंधरा-वीस पुरतात: हेअर्स इअर आणि फेझंट टेल या निंफ, म्हणजे पाण्याखालच्या पिल्लासारख्या बुडणाऱ्या फ्लाय, मणी लावलेल्या, १४ आणि १६ नंबर, तरंगणाऱ्यांत एल्क हेअर कॅडिस १४ आणि अ‍ॅडम्स १४-१६, पाणी गढूळ झाले तर काळा वुली बगर, ८ किंवा १०. प्रत्येक गळाचा उलटा काटा घरीच पकडीने दाबून बसवावा. मासा सोडणे सोपे जाते, आणि गळ स्वतःच्या बोटात घुसला तरी निघतो. विमानाने जाताना फ्लाय चेक-इन सामानात टाकाव्यात.

पोलराइज्ड चष्मा हवाच. पाण्यावरची चमक तो काढून टाकतो, आणि त्याच्याशिवाय पहिल्या तासाचे बघणे फुकट जाते. टोपी, नेलकटर, छोटी पकड, रबरी जाळीचे हातजाळे, पाण्यात टेकायला एक मजबूत दांडा आणि घट्ट बसणारे बूट. गुळगुळीत रबराचा तळ शेवाळलेल्या गोट्यावर टिकत नाही. फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या कापडाचा, तळ धरतो.

पहिला तास

काठावर पोहोचल्यावर आधी पाण्याच्या कडेचा एक ठळक दगड निवडावा आणि पाणी त्याच्यावर कुठपर्यंत आहे ते मोबाइलवर टिपून ठेवावे. दिवसभर तीच तुमची पट्टी. मे-जूनमध्ये वर वितळलेले बर्फ दुपारनंतर खाली येते. दगड बुडायला लागला, पाणी दुधट झाले की नदी चढते आहे.

मग पाच-सहा ठिकाणचे गोटे उलटावेत. खळाळातला, नारळाएवढा, पाण्यात पूर्ण बुडालेला गोटा दोन्ही हातांनी अलगद उचलायचा आणि खालची बाजू उजेडाकडे करायची. चपटे, चटकन सरकणारे, बहुधा तीन शेपट्यांचे आणि पोटाच्या कडेला पिसांसारखे कल्ले हलवणारे ते मेफ्लायचे पिल्लू. दोन शेपट्या आणि दणकट पाय म्हणजे स्टोनफ्लाय. वाळूच्या कणांची नळी दगडाला चिकटलेली असेल तर आत कॅडिसची अळी. नावे पाठ नसली तरी चालेल. सर्वात जास्त दिसणारा किडा तळहातावर घ्यावा, शेजारी डबीतली फ्लाय धरावी आणि आधी आकार, मग रंग जुळवावा. आकार चुकला तर रंगाने भरून निघत नाही. गोटा होता तसाच परत ठेवावा.

आता मासा कुठे असेल ते बघायचे. त्याला तीन गोष्टी एकत्र हव्यात: कमी ताकदीत थांबता येईल असे संथ पाणी, खाणे आणणारी धार हाताशी, आणि लपायला आडोसा. तीर्थन मोठमोठ्या कातळांनी भरलेली आहे, त्यामुळे अशा जागा पावलोपावली सापडतात. कातळाच्या मागे संथ पाण्याचा खिसा असतो, हे सगळ्यांना दिसते. कातळाच्या पुढेही, पाणी आपटून दबते तिथे, एक गादी तयार होते आणि पुष्कळदा चांगला मासा तिथेच असतो. वेगवान आणि संथ पाणी जिथे घासते ती फेसाची रेघ सर्वात भरवशाची, कारण फेस वाहतो तिथूनच किडे वाहतात. डोहाचे तोंड, जिथे खळाळ खोल पाण्यात पडतो, तेही नक्की बघावे. डोहाचा मधला भाग सुंदर दिसतो, पण नवख्याला तिथे फारसे लागत नाही.

फेक

काठाला झाडे दाट आहेत, मागे दोरी उडवायला जागा नसते. म्हणून तीर्थनवर जाण्याआधी रोल कास्ट, म्हणजे दोरी मागे न उडवता करायची फेक, शिकावा, घराजवळच्या तलावात, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. गवतावर तो जमत नाही, कारण दोरीला पाण्याची पकड लागते.

समोर सात-आठ मीटर दोरी पाण्यावर सोडावी. काठी सावकाश मागे आणावी, मूठ कानाच्या उंचीला, टोक किंचित मागे झुकलेले. दोरी खांद्यामागे पोट काढून लोंबते. इथे थांबायचे. दोरी हलायची पूर्ण थांबली, तिचे पुढचे टोक पाण्यावरच आहे, मग काठी वेग वाढवत पुढे न्यायची आणि टोक डोळ्यांच्या वरच असताना झटक्यात थांबवायची. दोरी चाकासारखी उलगडत जाते.

बिघडते ते दोनच ठिकाणी. थांबण्याच्या जागी घाई केली तर दोरी स्वतःवरच आदळते. आणि शेवटी काठी न थांबवता पाण्यापर्यंत खाली आणली तर सगळी दोरी पायापुढे गोळा होते. लांब फेकीचा हव्यास सोडावा. या नदीत बहुतेक मासे सहा ते नऊ मीटरच्या आत लागतात.

गाठ

फ्लाय बांधायला सुधारित क्लिंच गाठ पुरते. टिपेट गळाच्या डोळ्यातून ओवून टोकाचे मूळ धाग्याभोवती पाच वेढे द्यावेत, टोक डोळ्यालगतच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढावे. ओढण्यापूर्वी गाठ ओली करावी. कोरडी ओढली तर घर्षणाने धागा तापून कमजोर होतो, आणि मोठा मासा गेला की टोकाला डुकराच्या शेपटीसारखे वळसे दिसतात. तसे दिसले तर गाठ सुटली होती असे समजावे.

मासा लागेपर्यंत

माशाचे तोंड वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला असते, म्हणून खालून वर चालावे, पाण्यात शक्य तितके कमी उतरावे आणि सावली पाण्यावर पडू देऊ नये. आधी जवळची जागा, मग पलीकडची. लांब फेकण्याच्या नादात दोरी जवळच्या माशाच्या डोक्यावर पडली, तर तो पळताना बाकीच्यांनाही उठवतो.

अनोळखी पाण्यात दोन फ्लाय एकत्र लावणे उत्तम. वर तरंगणारी कॅडिस. तिच्या गळाच्या बाकाला ४५ ते ६० सेंटिमीटर टिपेट बांधून खाली मण्याची निंफ. वरची फ्लाय बुडाली, अडखळली किंवा नुसती आडवी सरकली, तरी काठीचे टोक वर उचलायचे. हिसका नको, फोन कानाला लावताना हात उचलतो तेवढाच वेग. मोठ्या हिसक्याने ५ एक्स तुटतो.

सर्वात जास्त मासे हुकतात ते ओढीमुळे. फ्लाय संथ पाण्यात आणि दोरी मधल्या वेगवान धारेत पडली, की धार दोरीला खेचते, दोरी फ्लायला, आणि फ्लाय पाण्यावर रेघ काढत पळते. खरा किडा तसा पळत नाही. फेक पडताच काठीच्या टोकाने दोरीचे पोट वरच्या अंगाला उलटवून टाकावे. कातळांमधल्या खिशांत त्याहून सोपे: एक पाऊल जवळ जावे, काठी उंच धरावी आणि पाण्यावर फक्त लीडर राहू द्यावा. एका खिशात पाच-सहा स्वच्छ फेकी पुरेत. काही झाले नाही तर आधी खोली बदलावी, फ्लाय नंतर. निंफ अधूनमधून तळाला लागत नसेल तर ती माशाच्या वरून जाते आहे.

मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरअखेरीस सकाळी पाणी फार थंड असते. दहानंतर, ऊन पाण्यावर आले की किडे हलतात. मे-जूनमध्ये उलट: पहाट आणि संध्याकाळ.

मासा हातात आल्यावर

काठी वाकलेली ठेवावी, मासा धावला तर दोरी सोडावी, पण वेळ लावू नये. दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. हात आधी ओले करावेत, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. शेपटीजवळ पाठीवर लहान मांसल पर आणि कुशीवर फिकट कड्यांतले लाल ठिपके दिसले की तो ब्राउन ट्राउट. हा पर नसेल आणि तोंड खालच्या बाजूला असेल, तर तो स्नो ट्राउट: नावात ट्राउट असला तरी रोहू-कटल्याच्या कुळातला, आणि या नदीचा मूळ रहिवासी. त्याला सोडावे. सोडताना मासा संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून धरावा आणि तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत हात काढू नये. फोटोसाठी पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये.

पाण्याचा धोका

मांडीच्या वर पाण्यात जाऊ नये. तीर्थनचे पाणी पायाखालची खडी ओढून नेते आणि मिनिटांत पाय बधिर करते. मजबूत दांडा वरच्या अंगाला टेकून, एका वेळी एकच पाय हलवावा. पडलात तर पाय खालच्या अंगाला करून पाठीवर वाहावे, प्रवाहात उभे राहायचा प्रयत्न करू नये. पाय दोन गोट्यांत अडकतो.

लार्जीच्या धरणाखाली बियासच्या पात्रात कधीही उतरू नये. ८ जून २०१४ रोजी तिथून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे इंजिनीअरिंगचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पात्र कोरडे, दगड उघडे, ऊन पडलेले, आणि तरी पाणी आले. त्या पट्ट्यात मासा लागो न लागो, पाय काठावरच ठेवावा.

परतताना

ऊन डोंगराआड गेले की खळाळाच्या शेपटीला कॅडिस उडायला लागतात. शेवटचा पाऊण तास तिथेच ठेवावा, निंफ कापून फक्त तरंगणारी कॅडिस लावून. काठ चढायला पुरेसा उजेड असतानाच दोरी गुंडाळावी. ओल्या फ्लाय डबीत बंद करू नयेत, रात्रभर कागदावर पसराव्यात. गळ गंजला की पुढच्या खेपेला तो गाठीपाशीच मोडतो. फेल्टचे बूट आणि जाळे पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या नदीवर नेऊ नये, कारण एका पाण्यातले शेवाळ आणि रोग त्यांच्या ओलीतूनच दुसऱ्या पाण्यात जातात.