जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवताना या चुका टाळा

कपाट मोकळे करण्यासाठी कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्याचा विचार योग्यच आहे. मात्र तयार झालेली फाइल शेवटपर्यंत ऐकण्यापूर्वी मूळ कॅसेट भंगारात देणे ही भरून न येणारी चूक आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची ९० मिनिटांची कॅसेट मी अशीच देऊन टाकली. पुढे फाइल ऐकली, तेव्हा दुसऱ्या बाजूचा आवाज इतका दबलेला होता की ओवीतला एकही शब्द कळेना. पहिली बाजू वाजताना टेपची तपकिरी भुकटी प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणाऱ्या भागावर, बसली होती आणि मी ती पुसलीच नव्हती. म्हणून प्रत्येक बाजू लावण्यापूर्वी कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड स्वच्छ करावे.

हेड स्वच्छ असूनही आवाज दबलेला येत असेल, तर कॅसेटच्या आत, टेपच्या मागे असणारी लोकरीची चिमुकली गादी गळून पडली आहे का, हे पाहावे. स्क्रू असलेली कॅसेट उघडून दुसऱ्या, निरुपयोगी कॅसेटमधील गादी तिथे बसवता येते. आवाज फाटत असेल, तर प्लेअरमधून आलेली वायर बहुधा संगणकाच्या माइकच्या खाचेत असते. ती लाइन-इन या, प्लेअरसारख्या यंत्राचा आवाज घेणाऱ्या खाचेत लावावी. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट वाजवूच नये, कारण तीच बुरशी प्लेअरमधून पुढच्या कॅसेटींना लागते. कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन तुकडे आधीच मोडून टाकावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ आवाज पुसला जात नाही.

बाजारात आजही मिळणाऱ्या नाट्यगीतांपासून सुरुवात करणे हीसुद्धा चूकच आहे. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटे द्यावीच लागतात, आणि तेवढा उत्साह संपण्याआधी घरच्या माणसांचे आवाज उतरले पाहिजेत. ते थेट एमपी३ मध्ये साठवू नयेत. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलला अशा एका कॅसेटसाठी सुमारे ९५० एमबी जागा लागते. फ्लॅक या फाइलच्या प्रकारात ती बरीच कमी होते आणि आवाजातले काहीही गळत नाही. एकाच पेन ड्राइव्हवर विसंबू नये. दुसरी प्रत नातेवाइकांच्या घरी ठेवावी.

फाइलला ‘ट्रॅक ०१’ असे नाव देऊन ठेवू नये. ओवी कोण म्हणते आहे आणि मागून हाक कोण मारते आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून विचारावे आणि त्याच दिवशी लिहून ठेवावे.