अंगावरच्या दुधावर बाळाचं वजन भरत नाही? डबा आणण्याआधी हे पाहा

"ताई, सुनेला दूधच पुरत नाही. डब्याचं, म्हणजे पावडरचं दूध सुरू करू का?" बाळंतिणीच्या घरी गेलं की सासूबाई बहुतेक हेच विचारतात. मी म्हणते, आधी माझ्यासमोर एकदा पाजून दाखवा. आईला दूध असतं, पण ते बाळाच्या पोटात नीट जात नाही, असंच जास्त वेळा निघतं.

आधी बाळाचं वजन नीट मोजा. जन्मानंतर तीन-चार दिवस ते उतरतं, ७ ते १० टक्क्यांपर्यंत. दोन आठवड्यांत भरून निघायला हवं. मग पहिले ३ महिने रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅम वाढ चांगली; पुढे वेग मंदावतोच. अंगणवाडीतल्या एकाच काट्यावर, कपडे काढून, काटा शून्यावर आहे हे बघून वजन घ्या. काळजी वाटत असेल तर आठवड्यातून एकदा पुरे. रोज केलं तर उगाच जीव टांगणीला लागतो. माता-बाल संरक्षण कार्डावर ठिपका मांडा आणि रेघ वर चालली का ते पाहा.

आता पाजणं. मागच्या हिवाळ्यात दीड महिन्याचं एक बाळ पाहिलं. आई वाकून, दोन बोटांच्या कैचीत स्तन धरून पाजत होती. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड, गाल आत ओढलेले, चुटुक-चुटुक आवाज. तिला भिंतीला टेकून बसवलं. डाव्या बाजूला पाजायचं म्हणून बाळ उजव्या हातावर घेतलं: पोटाला पोट, तळहात मानेखाली, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. डाव्या हाताने स्तन खालून धरला. बाळाने मोठा आ केल्यावर हनुवटी आधी टेकवून त्याला जवळ ओढलं. खालचा ओठ बाहेर वळला, बोंडाभोवतीचा काळा भाग खालून जास्त तोंडात गेला, आणि दोन-तीन ओढींनंतर घोट गिळल्याचा आवाज आला. आईला दुखणंही थांबलं. पुढच्या आठवड्यात काटा हलला.

एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या, मग दुसरी. सुरुवातीचं दूध पातळ, शेवटी येणारं सायीसारखं, आणि वजन त्यानेच भरतं. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा. रात्रीचं पाजणं तोडू नका; दूध वाढवणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं.

६ महिने घुटी, मध, ग्लुकोजचं पाणी, काहीच नको. वैशाखातही साधं पाणी नको, आईच्या दुधातच भरपूर पाणी असतं. घोटभर पाण्याने पोट भरतं आणि तेवढं दूध कमी जातं.

बाळंतिणीला मात्र उपाशी ठेवू नका. पथ्याच्या नावाखाली नुसता वरण-भात देतात, त्याचा मला फार राग येतो. भाकरी, तुरीची डाळ, जवसाची चटणी, भाजी, सगळं पोटभर द्या. कापूस वेचायला वावरात जायचं असेल तर जाण्याआधी पाजा आणि स्वच्छ उकळलेल्या स्टीलच्या वाटीत हाताने दूध काढून ठेवा. गार सावलीत ते ४ तास टिकतं, उन्हाळ्यात इतका वेळ ठेवू नका. पाजायचं वाटी-चमच्याने, बाटलीने नको.

दूध पुरतं का हे लघवी सांगते: पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात निदान ६ वेळा. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांना हे मोकळेपणाने सांगा. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने घडवली.

दोन आठवड्यांनंतरही जन्माचं वजन भरलं नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. जीभ खाली चिकटलेली आहे का, तोंडात पांढरे चट्टे आहेत का, हेही ते तपासतील. बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंग गार असेल तर वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून शाल गुंडाळा, आणि ते ओढत असेल तर पाजत राहा.