भ्रूणातल्या कानाचे संकेत अभ्यासताय? या चुका टाळा

पहिली चूक प्रयोगशाळेत नाही, किराणा दुकानात होते. कोंबडीच्या भ्रूणात आतला कान कसा घडतो ते बघायचं म्हणून नवखा विद्यार्थी डझनभर अंडी घेऊन येतो, ३६ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवतो, कवचाला खिडकी पाडतो आणि आत नुसता बलक. दुकानातली अंडी पिंजऱ्यातल्या लेयर कोंबड्यांची असतात, तिथे कोंबडाच नसतो. फलित अंडी हॅचरीतूनच आणावी लागतात.

आणली तरी ती कुठे ठेवता? एप्रिल-मे महिन्यात पुण्या-नागपुरात अंड्यांचा ट्रे दिवसभर टेबलावर राहिला, तर इन्क्युबेटरची वाट न बघता भ्रूण अर्धवट वाढायला लागतो. मग तुमच्या वहीतले ३६ तास आणि भ्रूणाचे ३६ तास जुळत नाहीत. अंडी १२ ते १६ अंश सेल्सियसला ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरून टाका.

आता मुख्य मुद्दा. या विषयात फसलेले बहुतेक प्रयोग वेळेत फसलेले असतात. भ्रूणाचं वय तासांत लिहू नका, सोमाइट (पाठीकडे जोडीजोडीने तयार होणारे ऊतींचे ठोकळे) मोजा. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ साली कोंबडीच्या वाढीच्या ४६ अवस्था ठरवून दिल्या, त्या उगाच नाही. चार सोमाइट म्हणजे आठवी अवस्था, दहा सोमाइट म्हणजे दहावी. कानाचा प्लॅकोड, म्हणजे पश्चमेंदूच्या बाजूला जाड झालेला त्वचेचा ठिपका, डोळ्यांना दिसतो तो दहाव्या अवस्थेच्या सुमाराला. पण कान होण्याचा निरोप त्याच्या बराच आधी पोचलेला असतो. ‘प्लॅकोड दिसला, आता संकेत अडवून बघू’ असं म्हणणाऱ्याची गाडी सुटलेली असते.

आणि हा निरोप एकसुरी नाही. एफजीएफ आणि डब्ल्यूएनटी ही पेशी एकमेकींना पाठवतात त्या संकेत-प्रथिनांची दोन कुटुंबं. कोंबडीत खालच्या मेसोडर्ममधून (भ्रूणाच्या मधल्या थरातून) एफजीएफ-१९ येतो, पश्चमेंदूकडून एफजीएफ-३ आणि डब्ल्यूएनटी-८सी. मेसोडर्मचा एफजीएफ आणि मेंदूचा डब्ल्यूएनटी मिळून कानाची सुरुवात करतात, हे २००० साली राज लॅडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं (लॅडर यांची प्रयोगशाळा पुढे बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत आली). इथेच विद्यार्थी घसरतो: एफजीएफने कान होतो, मग जास्त एफजीएफ दिला तर मोठा कान व्हायला हवा! होतं उलटंच. एफजीएफ आधी ‘कान किंवा कल्ल्यांजवळचे चेतागुच्छ (चेतापेशींचे पुंजके)’ असा सामायिक पट्टा तयार करतो. त्यानंतर तो ओसरावा लागतो आणि डब्ल्यूएनटीने ताबा घ्यावा लागतो. एफजीएफ चालूच ठेवला तर पेशी चेतागुच्छांच्या वाटेला लागतात आणि कान आक्रसतो. एफजीएफमध्ये भिजवलेला मणी ठेवूनही कान लहान निघाला, तर मण्याला दोष देण्याआधी तो किती वाजता ठेवला ते बघा.

याच कारणाने पॅक्स-२ या जनुकाचा रंग दिसला की ‘कान झाला’ असं लिहू नका. त्या सामायिक पट्ट्यातही पॅक्स-२ असतं.

नॉच या शेजारी पेशींमधल्या संकेताची गंमतही अशीच. आधी जॅग्ड-१ या प्रथिनामार्फत नॉच संवेदी पट्टा (ज्यातून आवाज आणि तोल टिपणाऱ्या केशपेशी येतात तो) टिकवून धरतो; पुढे डेल्टा या दुसऱ्या प्रथिनामार्फत तोच नॉच शेजारच्या पेशीला केशपेशी होण्यापासून रोखतो. नॉच अडवणारं औषध उशिरा दिलं तर केशपेशी वाढतात. लवकर दिल्यावरही तसंच होईल, ही अपेक्षाच चुकीची.

प्राणी बदलला की नावं बदलतात, हेही विसरलं जातं. उंदरात भार एफजीएफ-३ आणि एफजीएफ-१० वर. दोन्ही काढले तर कर्णपुटिका (प्लॅकोड आत वळून बनणारी पिशवी) बनतच नाही, नुसता एफजीएफ-३ काढला तर बराचसा कान बनतो. झेब्राफिशमध्ये जोडी ३ आणि ८ ची. माणसात मात्र एकट्या एफजीएफ-३ च्या दोन्ही प्रती बिघडल्या तरी आतला कान अजिबात न बनण्याची वेळ येते. हा विकार २००७ मध्ये नोंदला गेला. उंदराचा निष्कर्ष माणसाला चिकटवताना एवढं आठवा.

सॉनिक हेजहॉग या संकेत-प्रथिनाबद्दल एकच सांगतो. तो नसलेल्या उंदरात शंखनलिका (ऐकण्याची वेटोळी नळी) दिसत नाही, पण कर्णपुटिका बनलेली असते. म्हणजे हा कान सुरू करणारा संकेत नव्हे, खालची बाजू ठरवणारा आहे.

हातातल्या चुका वेगळ्या. खिडकी पाडण्याआधी सुईने तीन-चार मिली पांढरं काढून घ्या, नाहीतर कवचाबरोबर भ्रूणही फाटतो. इलेक्ट्रोपोरेशनमध्ये (विजेच्या झटक्यांनी पेशींत डीएनए घालताना) डीएनए धन टोकाकडे जातो. त्वचेत घालायचा असेल तर थेंब भ्रूणावर, धन इलेक्ट्रोड खाली. तोच डीएनए चेतानलिकेत (ज्यातून मेंदू बनतो त्या नळीत) भरलात तर बदल पश्चमेंदूत होईल, आणि पश्चमेंदूच तर कानाला निरोप पाठवतो! कान बिघडलेला दिसेल, पण कारण तुम्ही लिहाल ते नसेल. दुसऱ्या बाजूचा कान तुलनेला ठेवायची पद्धत इलेक्ट्रोपोरेशनला छान चालते, औषधाला चालत नाही, कारण औषध दोन्ही बाजूंना पसरतं. एफजीएफ अडवणारं एसयू-५४०२ वापरत असाल तर नुसतं डीएमएसओ (औषध विरघळवायचा द्रव) दिलेले भ्रूण हवेतच. शिवाय हे औषध रक्तवाहिन्यांच्या व्हीईजीएफ रिसेप्टरलाही अडवतं.

शेवटी सगळ्यात फसवी चूक. आमच्या एका विद्यार्थिनीने इन-सिटू हायब्रिडायझेशनचे (जनुक कुठे चालू आहे ते रंगाने दाखवण्याच्या पद्धतीचे) भ्रूण दाखवले, दोन्ही कान गर्द जांभळे. सगळे खूश. सेन्स प्रोबचे (जनुकाचा आरएनए शोधणारा तुकडा म्हणजे प्रोब; सेन्स प्रोब तुलनेसाठी, तो कशालाच चिकटू नये) भ्रूण मागवले, तर तेही जांभळे! कर्णपुटिका मिटली की ती बंद पोकळी होते, प्रोब आणि अँटीबॉडी आत अडकतात आणि कितीही धुतलं तरी निघत नाहीत. मेंदूच्या पोकळ्यांतही तसंच होतं. सतराव्या-अठराव्या अवस्थेपासून पुढच्या भ्रूणांमध्ये हायब्रिडायझेशनआधी बारीक टंगस्टनच्या सुईने पुटिकेला भोक पाडा, मेंदूच्या छतालाही छेद द्या, आणि रंग आल्यावर आडवे काप घेऊन तो भिंतीच्या पेशींत आहे की पोकळीत, हे बघून मगच फोटो काढा.