काकांची ऐरण किलोवर देऊ नका

सुऱ्या घडवणारं माणूस गेलं की घरचे पहिला फोन भंगारवाल्याला करतात. तो ऐरण आणि शेगडा तोलून नेतो. जरा थांबा. (आमचीही खोली लालबागची, जागेची घाई मला कळते.)

ऐरणीवर दहा इंचांवरून बेअरिंगची गोळी सोडा. सात इंचांच्या वर उसळली तर ऐरण खणखणीत आहे, भंगाराच्या भावात द्यायची नाही. गंज घासून चकचकीत करायला जाऊ नका. जाणकाराला जुनं अंगच बघायचं असतं. तेलाचं फडकं पुरे.

पोलादी पट्ट्यांवर काकांनी रंगाने लिहिलेलं ‘ईएन ३१’, ‘डी २’ (ही पोलादाच्या ग्रेडची नावं) अजिबात पुसू नका. भाव त्या खुणेला असतो. ती गेली की सगळं नुसतं लोखंड. खूण नसेल तर डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून पट्टीचं टोक ग्राइंडरला टेकवा. ठिणगी फुलबाजीसारखी फुटली तर कार्बन भरपूर. नेमका ग्रेड मात्र त्यावरून छातीठोकपणे सांगू नका.

बेल्ट ग्राइंडर (फिरत्या पट्ट्यावर पातं घासायचं यंत्र) गिऱ्हाइकाला चालू करूनच दाखवा. आणि नागदेवी स्ट्रीटला, म्हणजे मुंबईतल्या हत्यारं-अवजारांच्या बाजारात, नव्याचा भाव विचारून या, मग आकडा बोला.

मुठींसाठी ठेवलेलं सांबरशिंग निघालं तर ते विकायच्या फंदात पडू नका, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. तयार खंजीर, किंवा घरकाम-शेतीचे नसलेले ९ इंचांहून लांब पात्याचे सुरे सापडले, तर गिऱ्हाईक शोधण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा.