एकट्या पेरोव्स्काइट डॉटचा प्रकाश मोजताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची एम.एस्सी.ची मुलं प्रोजेक्टला येतात आणि सिझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्स्काइटच्या डॉटवर (काही नॅनोमीटरचे, प्रकाश देणारे स्फटिक) दरवर्षी त्याच चुका करतात. म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

"सर, ठिपका लुकलुकतोय, म्हणजे एकच डॉट." हे वाक्य मला अजिबात चालत नाही. पेरोव्स्काइटचे शेकडो नॅनोमीटरचे स्फटिकसुद्धा अख्खेच्या अख्खे लुकलुकतात. प्रकाश दोन डिटेक्टरांत विभागा आणि दोन्हीकडे एकाच क्षणी फोटॉन किती वेळा येतात ते बघा. हे प्रमाण, म्हणजे शून्य वेळेचा जी-टू, ०.५ च्या खाली आल्याशिवाय मी वहीत 'एकच' लिहू देत नाही.

दुसरी चूक पावसाळ्यातली. जुलैत बाहेर धो धो पाऊस, खोलीत भिंतींनाही ओल आलेली. एका मुलीनं काचेवर उघडाच नमुना ठेवला आणि काउंट (मोजलेले फोटॉन) कमी येतात म्हणून लेसर वाढवला. स्पेक्ट्रम ५१५ नॅनोमीटरवरून सरकत ५०० च्या आत आला, मग ठिपका विझला. तिनं त्याला क्वांटम कन्फाइनमेंट (डॉट मुळातच लहान म्हणून रंग निळसर) म्हणत आलेखही काढला होता. आकार घटला हे खरंच, पण मोजता मोजता! लेसर, ओल आणि ऑक्सिजन मिळून डॉट वरून खात होते, उरलेला गाभा लहान, म्हणून रंग निळसर. तोच नमुना पॉलिस्टायरीनच्या थरात, कोरड्या नायट्रोजनखाली, मंद लेसरवर ठेवला आणि रंग जागचा हलला नाही. पहिला आणि शेवटचा स्पेक्ट्रम एकाच पॉवरवर घेऊन एकमेकांवर ठेवायचा, ही माझी सवय. जुळले नाहीत तर मधला सगळा डेटा बाद.

लेसर वाढवणं हा उतावळ्यांचा शॉर्टकट. एका पल्समागे सरासरी ०.१ एक्सायटॉनच्या (लेसरनं डॉटमध्ये तयार होणारी इलेक्ट्रॉन-होलची जोडी) आसपास राहा. जास्त झालं की डॉटवर विद्युतभार बसतो, ऑजर प्रक्रियेत ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते आणि तुम्ही डॉटऐवजी स्वतःच घडवलेलं ब्लिंकिंग (लुकलुकणं) मोजत बसता. काउंट कमी असतील तर जास्त वेळ मोजा, बाकी उपाय नाही.

काच ॲसिटोननं धुतली तर पूर्ण वाळू द्या. ॲसिटोनसारखा ध्रुवीय द्रावक डॉटची वाट लावतो.

टोल्युईनमध्ये पातळ केलेलं द्रावण उद्यावर ठेवू नका. फार पातळ झालं की पृष्ठभागावरचे लिगँड (डॉटला चिकटून त्याला जपणारे रेणू) सुटतात. सकाळी पातळ करा, लगेच काचेवर थेंब टाकून काच फिरवा, उरलेलं टाकाऊ द्रावणाच्या बाटलीत. त्यात शिसं आहे, बेसिनमध्ये ओतायचं नाही.